शून्याचा बारावा हिस्सा

पर्वोलेताला खोटं बोलता यायचं नाही, एवढा एकच दोष तिच्यात होता. बाकी सगळं देवाने सढळ हाताने दिलेलं: दणकट दंड, अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा आवाज, वरच्या ओठावर बारीकशी मिशी, आणि स्वतःच्या स्वयंपाकाबद्दल असा विश्वास, की मीठ कमी पडलंय म्हणणाऱ्याला ती आधी जीभ दाखवायला लावी. गाव तिला लेता म्हणे. वयाने लहान असलेले ‘लेल्या लेता’ म्हणत, म्हणजे लेतामावशी. पण डॅन्यूबकाठच्या वर्बोव दोल गावात एकसष्टीच्या लेतापेक्षा लहान असं आता फारसं कुणी उरलंच नव्हतं. तरुण चेहरे दिसत ते फक्त खांबांवर आणि फाटकांवर, निधनाच्या चिठ्ठ्यांवर. कारण नवरा नव्वदीला गेला तरी बायका चिठ्ठीवर फोटो लावत तो लष्करातला.

तीस वर्षं लेता गावच्या बालवाडीत स्वयंपाकीण होती. पोरं कमी होत गेली, पण तिचा हात काही लहान होईना. शेवटच्या वर्षी बालवाडीत एकच पोरगा उरला आणि तो इतका गुटगुटीत झाला, की आईने त्याला उचलून सरळ स्पेनला नेलं. बालवाडी बंद झाली. त्यानंतर लेताची स्वतःची मुलगीही स्पेनला गेली. तिथे ती दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आईबापांना भरवायची, आणि रविवारी फोनवर आईला विचारायची, जेवलीस का.

मग एका वर्षी संघाकडून पैसे आले. संघ म्हणजे तो सत्तावीस देशांचा, ज्याचा निळा झेंडा गावच्या कचेरीवर लावलाय आणि वाऱ्याने ज्याचे चार तारे उसवलेत. एकट्यादुकट्या गरीब म्हाताऱ्यांना दुपारचं गरम जेवण द्यावं, अशी योजना निघाली. बंद बालवाडी उघडली, लेताला बोलावणं गेलं. तीच चूल, तेच पातेलं, आणि बसायला त्याच बुटक्या खुर्च्या. चौदा म्हातारेम्हाताऱ्या गुडघे कानापर्यंत नेऊन बसत. बसता यायचं, उठता यायचं नाही, म्हणून जेवणं लांबत. लेता सांगायची, पहिली पिढी मुतायची, ही खोकते, एवढाच फरक.

त्या चौदांत तिचा जीव अडकलेला होता तो द्यादो नायदेन यांच्यात. द्यादो म्हणजे आजोबा, पण हे आजोबा कुणाच्या लाडात येणारे नव्हते. पन्नास वर्षं त्यांनी पंचक्रोशीतल्या वाजंत्री ताफ्यात तुतारी वाजवली; लग्नं संपली तेव्हा फक्त मर्तिकं वाजवली. उंच, ताठ, आणि असे मानी, की पाऊस आला तरी पळायचे नाहीत. पावसाने काय समजावं? शेजारणीने एकदा अंडी देऊ केली, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी तेवढीच अंडी विकत आणून तिच्या ओट्यावर ठेवली. संघाचं जेवण मात्र ते बिनदिक्कत घेत. एक मुलगा परदेशी लिएजला ट्रक चालवायचा, दुसरा ब्रसेल्समध्ये ऑफिसांच्या काचा पुसायचा.

“त्यांनी माझी दोन पोरं घेतली,” ते म्हणत, “मी त्यांचं सूप घेतो. आणि तरी तेच फायद्यात आहेत.”

असं चार वर्षं चाललं. मग पाचव्या वर्षीच्या डिसेंबरात वेंत्सी बालवाडीत आला. वेंत्सी हा नगरपालिकेने गावात नेमलेला कारभारी. त्याच्याकडे शिक्का होता, टीव्ही होता, आणि वाईट बातमी सांगायच्या आधी टोपी काढायची सवय होती. तो आला तोच टोपी हातात घेऊन.

एक जानेवारीपासून जेवण बंद, असं त्याचं म्हणणं. लेताने कारण विचारलं. वेंत्सीने खुर्चीवर बसायची चूक केली आणि मग अडकला तो अडकलाच, त्यामुळे त्याला सगळं नीट समजावून सांगावं लागलं.

संघाचा खर्च ठरवायचा म्हणजे सत्तावीस व्याही एका मांडवात. प्रत्येकाचं लक्ष आपण पाकिटात किती घातलं आणि आपल्या पानात किती पडलं याकडे. उन्हाळ्यात संघाचं कारभारी मंडळ एक कच्चा हिशेब मांडतं. सरकारांचे मंत्री तो कापतात. निवडून आलेली संसद तो परत फुगवते. मग शरद ऋतूत दोघांना एका खोलीत कोंडतात आणि मुदत देतात. सूर जुळला तर ठीक. नाही जुळला, तर नवं वर्ष जुन्या वर्षाच्या शिध्यावर काढायचं: दर महिन्याला गेल्या वर्षीच्या खर्चाचा बारावा हिस्सा. यंदा सूर जुळला नव्हता.

लेताला हे पटलं. बारावा हिस्सा म्हणजे महिन्याचा शिधा. गेल्या वर्षी चौदा जण जेवले, यंदाही जेवतील, मग बंद कशाला?

वेंत्सीने टोपी दोन्ही हातांत पिळली. संघाच्या खर्चाची सात वर्षांची चौकट संपली, म्हणाला, आणि तिच्याबरोबर जुनी योजनाही संपली. नवी योजना आहे. जेवण तेच, पण नाव नवं, खातं नवं. “त्या खात्यात गेल्या वर्षी खर्च शून्य, लेता. आता शून्याचा बारावा हिस्सा तूच काढ.”

लेताने त्याला काखेत धरून खुर्चीतून उपटून काढलं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं.

जानेवारीत डॅन्यूबवरून असा वारा येतो, की कुत्रीसुद्धा भुंकायला घराबाहेर पडत नाहीत. पहिल्याच आठवड्यात लेता सहज म्हणून द्यादो नायदेन यांच्या घरी डोकावली. धुराड्यातून धूर नव्हता. ते कोट घालून टेबलाशी बसले होते, आणि समोर गरम पाण्यात भिजवलेला शिळा पाव, वर तिखटाची चिमूट. आज हलकंच खायचं ठरवलंय, म्हणाले. ती घरून सूप घेऊन आली, तर त्यांनी ते घेतलं, आभार मानले, आणि संध्याकाळी डबा तसाच्या तसा तिच्या फाटकाला टांगलेला. त्यात सूपही तेवढंच. संघाचं खाणं वेगळं आणि लेताच्या पोटातलं काढून खाणं वेगळं, हे त्यांनी न बोलता सांगितलं होतं. बाकीच्या तेरांचं दुखणं तेच. त्यांचा ताठा थोडा मऊ होता एवढंच.

लेताला रात्रभर झोप नाही. सकाळी उठली ती एक विचार घेऊन, आणि तो इतका साधा होता की तिला स्वतःचाच राग आला.

मेलेल्या माणसाच्या नावाने घातलेलं जेवण नाकारता येत नाही. चाळिसाव्या दिवशी, सहाव्या महिन्याला, वर्षाला, नवव्या वर्षाला ‘पोमेन’ घालतात: उकडलेले गहू, त्यावर साखर आणि अक्रोड, पाव, वाइन, शेजारीपाजारी. हातात दिलं की घ्यायचं आणि म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. नाही म्हटलं तर तो मेलेल्याचा अपमान. आणि जिवंत माणसाशी वैर परवडतं, मेलेल्याशी नाही. आणि वर्बोव दोलमध्ये दुसरं काही नसेल, पण मेलेल्यांची ददात नव्हती.

त्याच दिवसापासून बालवाडी पुन्हा सुरू झाली. पहिला पोमेन लेताच्या नवऱ्याचा, त्सेकोचा. जिवंतपणी त्याने कुणाला पाण्याचा पेलाही विचारला नव्हता. मेल्यावर गाव जेवू घातलं. मग म्हाताऱ्यांनी एकेक आपापला माणूस काढला. कुणी कोंबडी आणली, कुणी आंबवलेल्या कोबीचा माठ, कुणी मुलीने पाठवलेले दहा लेव्हांची नोट. द्यादो नायदेन रोज टाय लावून येत, पहिला घोट जमिनीवर सांडत, देव क्षमा करो म्हणत, आणि नीट, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत जेवत. त्यांच्या गालांवर हळूहळू रंग आला. लेता दारामागून बघायची आणि तिला वाटायचं, उतरलो नदीपार.

पण खऱ्या मेलेल्यांच्या खऱ्या तारखा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच पुरल्या. ज्यांचे नातेवाईक परदेशी, त्यांच्या घरून काही यायचं नाही. लेताने आपली बरणी-बरणी उघडली, डुकराचं शेवटचं चरबीचं भांडं खरवडलं, आणि तारखा बनवायला लागली. आणि इथे तिचा तो एकमेव दोष आडवा आला.

गावातल्याच कामेन त्सोलोव्ह याच्या पोमेनला ते झालं. द्यादो नायदेन यांनी चमचा ताटाशेजारी ठेवला.

“कामेनला जाऊन किती वर्षं झाली म्हणालीस?”

लेता म्हणाली, नऊ, आज बरोबर. आणि म्हणताना मानेपर्यंत लाल झाली.

“आज?” द्यादो म्हणाले. “मी वाजवलंय त्याच्या मर्तिकाला. आमचा दुसरा तुतारीवाला अंत्ययात्रा सोडून चेरीच्या झाडावर चढला होता, आणि पुजारीबुवा खालून त्याला शिव्या देत होते. फेब्रुवारीत चेऱ्या कुठल्या झाडाला लागतात, लेता?”

टेबलावर कुणी मान वर केली नाही. म्हणजे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं, हे द्यादोंना त्याच क्षणी कळलं. लेता सांगते, तिला वाटलं आता हे उठणार आणि आपण यांना परत गरम पाण्यातल्या पावावर नेऊन टाकणार. ते उठले नाहीत. सगळे गेल्यावर ते स्वयंपाकघरात आले आणि टोपी घालूनच बोलले. टोपी म्हणजे कामाचं बोलणं.

त्यांची आई व्लाख जमातीची होती, नदीकाठच्या वस्तीतली. त्या लोकांत एक रीत आहे: आपल्यामागे कुणी करील याचा भरवसा नसेल, तर माणूस आपला पोमेन आपणच घालतो, जिवंतपणी, टेबलाच्या वरच्या टोकाला बसून. त्यांना तो घालायचा होता. पैसे होते. मर्तिकासाठी बाजूला ठेवलेले, काळ्या सुटाच्या आतल्या खिशात: पेटी, पुजारी, खड्डा, आणि ताफा.

लेता म्हणाली, मग तुम्हाला पुरायचं कशाने?

“मेल्यावर मला काय कळतंय? मला उघड्यावर तर नाही ना टाकणार वेंत्सी. एक दिवस नीट कर. कोंबडी, वाइन, सगळं. मग उरेल त्याचा घेवडा, जितके दिवस जाईल तितके. आणि कामेनला सोड. बिचारा एकदा मेलाय तेवढं पुरे.”

ही मदत नव्हती, हा त्यांचा पोमेन होता. तेव्हा बाकीच्या तेरांना नाही म्हणता येणार नव्हतं, आणि त्यांना स्वतःलाही जेवता येणार होतं. लेताला अशी तोड आयुष्यात सुचली नसती. तिने पैशांचं पाकीट घेतलं.

मार्चात एका सोमवारी तो पोमेन झाला. आणि त्याच सोमवारी, न कळवता, रालित्सा आली.

रालित्सा नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यातली, तिशीची, सर्दीने नाक लाल झालेली. स्वभावाने गोड, वाईट असती तर पुढचं सोपं गेलं असतं. ब्रसेल्सला शेवटी व्याह्यांचा सूर जुळला होता. नव्या योजनेला पैसे मिळणार होते, पण उशिरा आणि कमी, म्हणून कुठल्या गावाला आधी आणि कुठल्याला नाही हे गरज बघून ठरवायचं होतं. बघायचं म्हणजे अचानक जाऊन बघायचं, असा नियम. आधीच्या तीन गावांत तिने जे बघितलं होतं, त्याने ती गाडीत बसून रडली होती. चौथं गाव वर्बोव दोल.

तिने बालवाडीचं दार उघडलं तेव्हा लांब टेबलावर पांढरी चादर होती. भाजलेल्या कोंबड्या, वाइनचे घडे, लोणच्याच्या मिरच्या, उकडलेल्या गव्हावर साखरेचा क्रूस. वरच्या टोकाला काळ्या सुटात द्यादो नायदेन, दाढी गुळगुळीत, छाती ताठ. तेरा म्हातारेम्हाताऱ्या सणाच्या कपड्यांत. वेंत्सीसुद्धा होता, आणि तो खुर्चीत अडकलेला असल्यामुळे त्याला उठून तिला बाहेर नेता आलं नाही.

दारात आलेल्या माणसाला पोमेनवरून उपाशी जाऊ देत नाहीत. द्यादो नायदेन यांनी तिला उजव्या हाताला बसवलं. म्हाताऱ्या तिच्या ताटात वाढत सुटल्या. तू किती वाळलीस, तुझी आई बघत नाही का. रालित्साने लाजत विचारलं, हिवाळा कसा गेला, जेवणाचे हाल झाले का. एका आवाजात सगळे म्हणाले, छे, छे. ज्या बाईने आठवडाभर कांदा उकडून खाल्ला होता, तिनेच रालित्साच्या ताटात तंगडी घातली. पाहुण्यासमोर पोट दाखवायचं नाही, हे वर्बोव दोलमध्ये आईच्या दुधात येतं. दूध आटलं तरी हे आटत नाही.

रालित्सा नंतर स्वयंपाकघरात आली. डोळे भरलेले होते.

“लेल्या लेता, मला इतकं बरं वाटलं. बाकी गावांत काय हाल आहेत. इथे तुम्ही एकमेकांना सांभाळताय. तुम्हाला मी यादीत खाली टाकते, राग मानू नका हं. यंदा तरी तुमचं भागेल. ज्यांचं कुणीच नाही, त्यांना आधी.”

लेताच्या हातात वाढायचा डाव होता. तिला गप्प बसता आलं असतं. पाकिटातल्या पैशांचा घेवडा फार तर आठवडाभर गेला असता. त्यानंतर दुसरं काही नव्हतं. तिच्या फडताळात एक बरणी नव्हती, गावात एक कोंबडी नव्हती. आणि रालित्साला बाजूला घेऊन हळूच सांगायचं तर आवाज तसा नव्हता. तसा कधीच नव्हता. ती बोलली ती दारात उभी राहून, आणि बाहेरच्या टेबलावरचे सगळे चमचे थांबले.

“रालित्सा, तू खाल्लीस त्या कोंबडीत काय होतं माहितीय? त्या माणसाची पेटी होती. वाइनमध्ये त्याचा बँड होता. आपल्या मर्तिकाचे पैसे घातलेत त्याने या टेबलावर, आम्ही खावं म्हणून. आणि त्याने स्वतः खावं म्हणून. पुढच्या सोमवारी इथे काही नाही. यांच्यातला एकजण तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. आम्ही उपाशी आहोत.”

शेवटचं वाक्य तिला स्वतःलाच विचित्र ऐकू आलं. ते गावात आजवर कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

म्हाताऱ्यांनी चमचे खाली ठेवले. एकीने रुमाल तोंडाशी धरला. द्यादो नायदेन यांनी ओठ पुसले, हातरुमालाची घडी नीट केली, रालित्साकडे वळून म्हणाले, “जेव तू, पोरी.” मग दोन्ही हात टेबलावर टेकून उठले. त्या खुर्चीतून कुणाच्या मदतीशिवाय उठलेला त्यांच्या वयाचा माणूस लेताने त्याआधी पाहिला नव्हता. ते गल्लीतून घरी गेले, काळ्या सुटात, भर दुपारी.

वर्बोव दोल यादीत वर गेलं. एप्रिलात पैसे आले, आणि त्यांच्याबरोबर नवं पातेलं, चौदा डबे, आणि भिंतीवर लावायची निळी पाटी. लेता चौदाव्या डब्यात रोज दुपारी वाढायची आणि स्वतः द्यादो नायदेन यांच्या फाटकाशी न्यायची. फाटक उघडायचं नाही. ती डबा कुंपणाच्या दगडावर ठेवायची. दुसऱ्या दिवशी तो तिथेच असायचा, भरलेला, थंड, वर साय धरलेला. खर्च न झालेली वाटणी कळवायची असते, म्हणून वेंत्सी विचारी, हे काय करायचं. लेता म्हणे, ते मी बघते.

एकदा द्यादो अंगणात होते, लाकडाच्या ओंडक्यावर, उन्हात. कोट त्यांच्या अंगावर दोरीवर टाकल्यासारखा लोंबत होता. लेताने कुंपणावरून सगळं बोलून घेतलं. शिव्या घातल्या, विनवण्या केल्या. म्हणाली, हे संघाचं आहे, माझं नाही. तुमची दोन पोरं घेतलीत त्यांनी, वसूल करा. मुलांना फोन करते म्हणाली. त्यावर त्यांनी फक्त मान हलवली, नको म्हणून.

“तू बरोबर केलंस, लेता,” ते म्हणाले. “तेरा माणसं आहेत. मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं.”

“मग जेवा ना.”

“तोंडात घालतो मी. खरंच घालतो.” ते हाताच्या पालथ्या बाजूकडे बघत राहिले. “गिळता येत नाही.”

लेता डबा दगडावर ठेवून परत आली, कारण तेरा जण थांबले होते.

मे महिन्यात ते गेले. वेंत्सीने नगरपालिकेच्या खर्चाने पुरलं. पेटी पातळ फळ्यांची होती. मुलांपैकी काचा पुसणारा आला, एका दिवसासाठी, आणि बापाचं वजन उचलताना खांदे देणाऱ्यांकडे वळून म्हणाला, आजारी होते का? त्यांनी पेटी खांद्यावर नीट केली. लेताला विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं, म्हणून ती मागे, चुलीशीच राहिली. त्या दिवशी बुधवार, घेवड्याचा वार. तेरा डबे भरायचे होते, आणि नवं पातेलं जुन्यापेक्षा लवकर करपतं, त्याच्याजवळून हलता येत नाही.